फ्लॅशची अस्वस्थ कहाणी

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे, इंग्रजीतलं एक क्रियापद. नाव फ्लॅश. जन्मापासून माझा पाय एका जागी ठरला नाही. वीज लखलखली की मी, तलवार चमकली की मी. पुढे श्रीमंती मिरवणाऱ्यांनीही मला राबवलं. काही निर्लज्जांनी माझ्याकडून असली कामं करून घेतली की ती इथं सांगवत नाहीत.

मग घानात मोबाइल आला आणि माझं नशीब उघडलं. तुम्ही ज्याला मिस्ड कॉल म्हणता, ते इथं मी झालो. "पोचलीस की फ्लॅश कर!" फोन एकदा वाजायचा, थांबायचा आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडायचा. उचलायचा मात्र नाही, कारण उचलला तर समोरच्याचा बॅलन्स जातो. आता तरुण पोरं मला विचारत नाहीत, पण तेचिमानच्या बाजारात सुरण विकणाऱ्या न्यार्कोबाईंनी मला सोडलं नव्हतं.

त्या दुपारी त्यांची दिवस भरत आलेली लेक दुफी कुमासी शहरातल्या दवाखान्याकडे निघाली होती. फोन वाजला.

"पोचली गं बाई!" न्यार्कोबाई हसल्या.

फोन वाजतच राहिला. शेजारी बसणाऱ्या विक्रेतीने, सेरवाने, तो उचलायला हात पुढे केला.

"खबरदार! पोरीचा बॅलन्स खाशील."

"अगं, फ्लॅश एकदा वाजतो. हा तर कोकलतोय!"

"आनंदात बंद करायचं विसरली असेल. वेंधळीच आहे ती."

फोन थांबला, पुन्हा वाजला. मी कासावीस झालो. तो मी नव्हतोच! पण शब्दाला स्वतःचं तोंड कुठं असतं?

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा सेरवाने तो हिसकावून न्यार्कोबाईंच्या कानालाच लावला.

"आई, मी फ्लॅश करत नव्हते गं! गाडी बंद पडलीय, कळा सुरू झाल्यात. तू ये!"

सुरण तसेच टाकून न्यार्कोबाई मिळेल त्या गाडीने धावल्या. पोचल्या तेव्हा रस्त्याकडेच्या झाडाखाली बाळ रडत होतं. नातीला पहिला हात एका अनोळखी प्रवासी बाईचा लागला होता. दोघी सुखरूप होत्या.

"किती वाजवलं गं," दुफी म्हणाली. "मला वाटलं, तू रागावलीस."

न्यार्कोबाई लेकीचे केस सारखे करत राहिल्या.

मित्रांनो, माझा वापर खुशाल करा, मला कामाची हौस आहे. पण आपल्या माणसाचा फोन वाजतच राहिला, तर तो मी आहे असं समजून गप्प बसू नका. उचला. गेला बॅलन्स तर जाऊ द्या.