दोन खुंट्या

"जाऊबाई, सुट्टीच्या दिवशीही साहेबांच्या दारात जाऊन बसायचं? आधी माझ्या गुडघ्यांना विचारा," असं म्हणत धाकटीनं चादरीची आपल्याकडची टोकं ताणली.

थोरलीनं समोरून झटका दिला. दोघी पुढं आल्या, टोकाला टोक लागलं, पुन्हा मागं गेल्या. दवाखान्याच्या धुलाईघरात सतरा वर्षं या दोघी सख्ख्या जावा अशा समोरासमोर उभ्या होत्या.

"अगं, येत्या वर्षाचं काम सगळ्यांनी मिळून ठरवायचंय. साहेबांनी स्वतः बोलावलंय. आजवर कुणी विचारलं होतं का आपल्याला?"

"तुम्हाला मिरवायचंय, तुम्ही जा. माझ्या वाटचं बिस्कीट आणा."

रविवारी थोरली ठेवणीतले कपडे घालून गेली. खुर्च्या गोल मांडलेल्या. साहेब म्हणजे साखरेत घोळलेला माणूस.

"मोकळेपणानं बोला. मावशी, तुमचं काम तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

असं तिला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. नवऱ्याचं तर सोडाच, त्याला 'जेवण बरं झालं' म्हणतानाही जीभ जड व्हायची. थोरली फुलून गेली.

"काम कसलं साहेब, हातचा मळ! मागं धाकटी महिनाभर अंथरुणाला खिळली होती. बदली बाई मागितली का मी? भिंतीत दोन खुंट्या ठोकल्या, टोकं अडकवली, अन् एकटीनं घड्या घातल्या. एक चादर मागं राहू दिली नाही."

टाळ्या पडल्या. साहेबांनी ते पिवळ्या चिठ्ठीवर लिहून भिंतीला चिकटवलं. फोटोही काढला. थोरलीनं दोन बिस्किटं रुमालात बांधून आणली. "सादळलीत," असं म्हणत धाकटीनं दोन्ही खाल्ली.

महिन्यानं दारावर कागद लागला. थोरलीनं अक्षर अक्षर जुळवून वाचला. घड्यांना यापुढं एकच बाई. सूचना धुलाईघराच्या मावशींची. बैठकीला आलेल्यांना कामावर आधी ठेवणार.

ती तशीच ओल्या हातांनी साहेबांकडे धावली. "साहेब, बढाई मारली हो मी! त्या महिन्यात माझी पाठ मोडली होती."

"असं कसं, मावशी? तुमच्याइतकं मनापासून कुणीच बोललं नाही."

कसायालाही जनावराच्या डोळ्यांत बघावं लागतं. याला तेवढंही नाही. तो फोटो बघत होता.

कामाच्या शेवटच्या दिवशी धाकटीनं डबा पिशवीत टाकला. भांडली असती तर बरं झालं असतं.

"जाऊबाई, माझ्या जागी दुसरी कुणी बसू नये म्हणूनच ठोकल्या होत्यात ना त्या खुंट्या?"

 

दुसऱ्या दिवशी थोरलीनं चादर खुंट्यांना अडकवली, ताणली, झटकली. सवयीनं दोन पावलं पुढं आली आणि थांबली. समोरून कुणी आलं नाही. मग उरलेली दोन पावलंही तीच चालली.