नदी मोजणारी काहील

मित्रांनो, मी गूळ शिजवणारी जुनी काहील आहे. पण माझे अर्धे आयुष्य पाण्यावर गेले. तासगावच्या लोहाराने मला ठोकून घडवले आणि कोंडीबा व रंगूबाई या नवराबायकोने कृष्णाकाठच्या आपल्या गुऱ्हाळावर आणले. हिवाळ्यात माझ्यात रस उकळे. पावसाळ्यात माझ्यात बसून माणसे नदी ओलांडत. लोखंडाची असून मी तरंगते, याचा मला भारी तोरा होता.

आणीबाणी उठली त्या वर्षी पुराने गावाचा उतार, म्हणजे बैलगाड्यांची नदीतली उथळ वाट, पार बदलून टाकला. कोंडीबाचा ऊस पलीकडच्या काठावर उभा आणि गुऱ्हाळ अलीकडे. तेव्हा नवी उथळ वाट शोधून द्यायला विश्रामबागेतल्या पाटबंधारे कचेरीतून लालासाहेब नावाचे तरुण ओव्हरसियर आले. होडी मिळेना, म्हणून ते माझ्यात बसले. कोंडीबा वल्हवी. साहेब गाठी मारलेली दोरी वजन बांधून सोडत आणि कागदावर ठिपका मांडून शेजारी खोली लिहीत. संध्याकाळी त्यांनी सारख्या खोलीचे ठिपके रेघांनी जोडले आणि पट्टे रंगवले. गुडघाभर पाणी पिवळे, कमरेइतके हिरवे, डोक्यावरचे निळे.

“पिवळ्यातून गाडी घाल, कोंडीबा,” साहेब म्हणाले.

कोंडीबाने रिकामी गाडी घातली. मध्यावर बैल शिंगांपर्यंत बुडाले. त्याने कसेबसे दोर कापले, तेव्हा मुकी जनावरे पोहत काठाला लागली. मला फार वाईट वाटले.

“साहेब, तुमचा पिवळा रंग माज्या बैलांच्या नाकातोंडात गेला की!” रंगूबाई कडाडली.

साहेबांचे तोंड उतरले. ते पुन्हा माझ्यात बसले आणि या खेपेला काठावरच्या देवळाकडे पाहत राहिले. समोरचे देऊळ हळूहळू त्यांच्या पाठीमागे गेले.

“अरे, ही तर फिरते! आणि मी आपला कागदात डोके घालून, उजव्या हाताला कायम पलीकडचाच काठ आहे असे धरून ठिपके मांडत होतो.”

“काहील फिरणारच की,” कोंडीबा म्हणाला. “तुमाला ठावं आसंल म्हून बोललो न्हाई.”

मित्रांनो, आकडे खरे होते, त्यांच्या जागा चुकल्या होत्या. मग दोन्ही काठांच्या बाभळींना दोर ताणला, माझ्या कड्या त्याला अडकवल्या आणि मला सरळ रेषेत ओढत नेले. दोर प्रवाहाच्या वरच्या अंगाला थोडा सरकवून पुन्हा तेच. नव्या नकाशात पिवळा पट्टा तिरका निघाला.

“आता आदी तुमी चाला साहेब, मागनं माजी बैलं,” रंगूबाई म्हणाली.

साहेबांनी विजार वर दुमडली आणि ते चालू लागले. पाणी गुडघ्यावर चढले नाही. मागून गाडी आली. त्या दिवशी माझ्यापुढे नारळ फुटला आणि नकाशा चावडीत लागला.

आता मला भोक पडले आहे. गुऱ्हाळामागे माझ्यात कोंबडी बसते. दर पावसाळ्यात नदीची वाळू सरकते, नकाशा मात्र तोच आहे. आज सकाळी कोंडीबा त्यातल्या पिवळ्या पट्ट्याच्या भरवशावर नवे खोंड गाडीला जुंपतो आहे. मित्रांनो, त्याला थांबवा. माझे भोक बुजवा, दोर ताणा आणि नदी पुन्हा मोजा.