झेंडूची पिशवी

गजाला मॅडमनी टीव्हीचा आवाज बंद केला. "आता फक्त हात बघ."

पडद्यावर सत्यभामा माझ्यासमोर बसली होती. उजवा हात मांडीवर उताणा, बोटं अर्धी उघडी, पाण्यात सोडल्यासारखी. आठ महिने तिची ती मूठ मिटत नव्हती. अकोल्यातल्या डॉक्टरांनी मान तपासली, नसा तपासल्या; दोष कुठेच सापडला नाही, तेव्हा तिला मानसोपचारासाठी माझ्याकडे पाठवलं. वीस भेटींचा उपचार होता, चौदा झाल्या होत्या. प्रत्येक भेटीचं चित्रण तिच्या परवानगीनं होई, आणि एक शनिवार आड ते घेऊन मी अमरावतीला मॅडमकडे शिकायला जाई.

मी आधी प्राणिशास्त्र शिकले. काचेच्या टाकीपुढे गुपचूप बसायची सवय आहे. आवाजाविना सत्यभामा मला तशीच दिसत होती: हसू वर येई, विरून जाई. मी काही विचारलं. तिनं उसासा टाकला, आणि लगेच वाकून प्लास्टिकची पिशवी पुढे केली. मळ्यातला झेंडू. मी तो घेतला.

"किती वेळा घेतलास?"

"दर वेळी. नाही म्हटलं तर तिला वाईट वाटेल."

"वाटू दे की! तू काय तिचं गिऱ्हाईक आहेस? उसासा वर आला की ती फुलं देते, तू घेतेस, दोघी सुटता." मॅडमनी चित्र थांबवलं. "भिंत तिची आहे, मंजुषा. पण अर्ध्या विटा तूच देऊन राहिलीस."

तिचा नवरा शालिकराम माघात जेवून मळ्यात गेला तो परतला नाही. शेतकरी आत्महत्यांच्या त्या वर्षांत आमच्याकडे माणूस सांजेला घरी आला नाही की लोक आधी विहिरी बघत. अकोटजवळच्या त्यांच्या गावानं तीन दिवस विहिरींत गळ टाकले. चौथ्या दिवशी सुरतेहून त्याचा फोन आला: इथे कामाला लागलो, आता येत नाही. पोरगा जिवंत आहे म्हणून सासूनं साखर वाटली. म्हणजे सत्यभामानं वाटली, घरोघर, उजव्या हातानं. हे सगळं तिनं पहिल्याच भेटीत हसत सांगून टाकलं होतं. "जिवंत हायेत. अजून काय पायजे?"

परतताना बडनेऱ्यानंतर गाडीत माझा डोळा लागला. बाहेर कापूस नुकता फुटत होता. अर्धवट झोपेत ती बोंडं मला मुठी वाटल्या, ओळीनं उघडत जाणाऱ्या, आणि एक बाई मधून चालत त्या एकेक मिटत होती. मूर्तिजापूरला जागी झाले तेव्हा माझी मूठ तिकिटावर आवळलेली होती.

मंगळवारी मी विचारलं, "साखर वाटताना आत काय होत होतं?"

उसासा. मग डाव्या हातात पिशवी. "घ्या न बाई. सकायची तोड हाय."

"आज नको, सत्यभामाबाई."

ती हसली. "काहून? कोमेजली का?"

"ताजी आहेत. पण मी विचारलं की तुम्ही फुलं देता. मी घेते, आणि तुमच्या ओठावर आलेलं राहून जातं. आज मला ते हवंय."

पिशवी हवेतच राहिली. माझे कान तापले. आमच्या भागात समोर केलेलं नाकारणं थपडेपेक्षा वाईट.

"लय शायन्या झाल्या तुमी," ती म्हणाली. हसू गेलं होतं. तिनं पिशवी मांडीवर ओढून घेतली. "देल्लेलं वापस करता?"

"माझा राग आला."

"मले कायचा राग येते!" मग हळू, "आग उठून राहिली. इथून." तिनं छातीकडून खांद्यापर्यंत डावा हात फिरवला.

"ही आग फक्त माझ्यासाठीच आहे?"

खोलीत झेंडूचा उग्र वास साचत गेला.

"जेवून गेले," ती म्हणाली. "दोन भाकरी अन् वांग्याची भाजी. भाजी चांगली झाली म्हने. जेवून गेले, पन सांगून नाई गेले. मी हरेक विहिरीत वाकून वाकून पायलं, बाई. तीन दिवस. अन् वरतून साखर वाटली. जिवंत हायेत म्हनून मले रडू बी नाई देल्लं कोनी. समोर आले न, त्याईच्या थोबाडात अशी..."

प्लास्टिक चुरचुरलं. तिचा उजवा हात पिशवीच्या बंदांवर मिटला होता, बोटांची पेरं पांढरी पडली होती. खोलीत चिमणी आल्यावर माणसं हलत नाहीत, तशा आम्ही दोघी त्या मुठीकडे बघत राहिलो. मग ती रडली, पुष्कळ वेळ.

उठताना तिनं पदरानं तोंड पुसलं. "आज फुलं नाई देत तुमाले."

"नका देऊ."

"बजारात इकतो."

दारात थांबून तिनं पिशवी डाव्या हातात घेतली आणि उजवी मूठ डोळ्यांसमोर धरली. उघडली. मिटली. पुन्हा उघडली.

"दसऱ्याची तोड होते म्हना आता," ती म्हणाली. "मंगयवारी येतो. त्याईचं अजून लय बाकी हाय."