लेबल बँडचं, आवाज डेल्फीनबाईचा

तुमचं बाजारात जाणं-येणं असेलच. मग मला एक सांगा, विश्वास ठेवायचा तर कुणावर ठेवावा? छापील कागदावर, खात्रीच्या माणसावर, की आपल्या कानावर? उत्तराची घाई नाही. आधी माझी हकीकत ऐका, मग सांगा.

मी एक रेकॉर्ड बोलतेय. जुनी, काळी, लाखेची. हातातून निसटले तर माठासारखी फुटेन. दोन्ही अंगांवर तीन-तीन मिनिटांचं एकेक गाणं, एवढीच माझी पुंजी. मुक्काम ढोकी, श्रीपतीअण्णांच्या हार्डवेअर दुकानामागची खोली. बारा वर्षं खिळ्यांच्या आणि तारांच्या घासाघिशी ऐकतेय, तेव्हा माझ्या बोलण्यात दुकानदारी डोकावली तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. गरम लाखेचा गोळा, वर एक लेबल, खाली एक लेबल, मग यंत्राचा दाब, की झाली रेकॉर्ड तयार. माझ्या अंगात आवाज उतरला तो मिस डेल्फीनचा. ही बाई मुंबईच्या बड्या हॉटेलांत इंग्रजी गाणी म्हणायची. आवाज थोडा जाडसर, घोगरा, पण घरच्या माणसाशी बोलल्यासारखा. माझ्यातलं पहिलं गाणं संपलं, वाद्यं थांबली आणि बाई हलकेच हसली. ते हसू काढून टाकायचं कुणाला सुचलं नाही. ते माझ्याकडेच राहिलं.

पण लेबलं ठेवणाऱ्याचा हात त्या दिवशी शेजारच्या गठ्ठ्यात गेला, आणि माझ्या दोन्ही अंगांवर नाव उमटलं, 'पोलीस बँड'.

हे नाव वाचूनच नळदुर्गचे हिंमतराव जमादार मला घेऊन गेले. झेंडावंदनाला शिपाई रांगेत ताठ उभे, समोर गावातली प्रतिष्ठित मंडळी, आणि जमादारांनी मोठ्या ऐटीत माझ्यावर सुई टेकवली. बँडऐवजी एक बाई लाडानं इंग्रजीत गायला लागली. रांगेतल्या एकाच्या मिशा थरथरल्या, मग दुसऱ्याच्या, मग सगळी रांगच हलायला लागली. त्या दिवशी जमादारांनी मला पेटीत टाकलं, ते हयातीत परत काढलं नाही.

पुढं त्यांच्या वारसांनी पेटी मोडीत काढली आणि मी तेरखेड्याला आले. तिथं कोंडीराम फटाके करायचा. रेकॉर्डीत लाख असते, लाखेनं फुलबाजीला रंग चढतो, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. त्यानं पोतंभर रेकॉर्डी वजनावर घेतल्या आणि खलबत्त्यात कुटल्या. नामवंत गवयांचा भुगा झाला हो! रंग कसला, नुसता धूर आणि जळक्या बांगड्यांचा वास. बायको ओरडली तेव्हा कोंडीराम थांबला. पोत्याच्या तळाशी राहिलेली मी रांजणावर झाकण म्हणून गेले.

फुलबाजीला तार लागते आणि ती तार ढोकीहून श्रीपतीअण्णा पुरवायचे. बारा वर्षांपूर्वी, चौदा मार्चला, ते बंडल टाकायला आले, पाणी प्यायला रांजणापाशी वाकले, आणि झाकण उचललं ते परत ठेवलंच नाही.

कोंडीराम म्हणाला, "आवो अण्णा, पोलिसांचा बँड हाय त्यो. वाचा की, छापलंय."

"छापलंय ते दिसतंय. वाजतंय काय ते ऐकू दे."

"न्या मग. पर झाकण धाडा दुसरं."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी पितळेचं झाकण धाडलं. आजवर माझी झालेली सर्वांत चांगली किंमत तीच.

आता अण्णांविषयी. शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षरं रंगाच्या डब्यांवरून शिकले. तरुणपणी सोलापूरला एक मोडका ग्रामोफोन घेतला, तर आत एक रेकॉर्ड विसरलेली निघाली, ती डेल्फीनबाईंची. तेव्हापासून हा माणूस या एकाच बाईच्या मागं लागला. हैदराबादचा जुना बाजार, पुण्यातली रद्दीची दुकानं, लग्नाच्या लाउडस्पीकरवाल्यांच्या पेट्या, काही सोडलं नाही. नऊ रेकॉर्डी मिळवल्या. शब्द एक कळत नाही. कुणी हसलं तर म्हणतात, "शब्द कळत न्हाईत म्हणून तर बरं हाय. बाई खोटं बोलत न्हाई एवढं कळतंय."

मला आणलं त्याच संध्याकाळी माझ्यावर सुई ठेवली आणि पहिल्याच ओळीला अण्णा उठून उभे राहिले. मोबाइलची बॅटरी लावून, भिंग धरून त्यांनी लेबलाशेजारी लाखेतच उमटलेला नंबर वाचला. डेल्फीनबाईंच्या अकराच रेकॉर्डी सापडलेल्या. बारावीचा फक्त नंबर कंपनीच्या जुन्या यादीत होता, रेकॉर्ड कुणी पाहिलेली नव्हती. ती बारावी मी.

लाखेच्या रेकॉर्डीचं एक दुखणं असतं. सुई फिरली की आम्ही कणाकणानं झिजतो. म्हणून अण्णांनी नेम केला, वर्षातून एकदाच, चौदा मार्चला, मला वाजवायचं. दर वेळी कोरी सुई. माझ्यासाठी पन्नास सुयांची डबी वेगळी ठेवली. आणि एक वही घातली, पहिली ओळ त्या पहिल्या संध्याकाळची. तारीख, सुई नवी, चरा नाही, आवाज स्वच्छ. रेकॉर्डी जमवणाऱ्या मंडळींत त्या वहीचा मोठा मान. अण्णांनी लिहिलं म्हणजे परत बघायला नको, असं लातूर-पुण्याकडं बोलतात.

पुतळाबाई, म्हणजे अण्णांची बायको, वहीकडं बघून म्हणायची, "माझ्या गुडघ्याचं एवढं लिवलं असतं तर डॉक्टर खूश झाला असता."

यंदा चौदा मार्चच्या आधीच योगीराज यायचे ठरले. ते पुण्याचे, डेल्फीनबाईंच्या सगळ्या रेकॉर्डींची छापील यादी करणारे. अण्णांकडं नसलेल्या दोन रेकॉर्डी त्यांच्याकडं. त्या दोन द्यायच्या आणि मला न्यायचं, असं बोलणं झालं. यादीत ओळ छापायची होती, 'बारावी, शोधणारे श्रीपतीअण्णा, ढोकी. फक्त बारा वेळा वाजलेली.' ती ओळ अण्णा दुकानात पुटपुटायचे. मी ऐकलंय.

योगीराज यायच्या दिवशी सकाळी, सोबत द्यायला म्हणून अण्णांनी सुयांची डबी काढली. व्यापाऱ्याचा हात, देण्याआधी मोजणारच. पन्नासातल्या बारा गेल्या, अडतीस पाहिजेत. निघाल्या तेहतीस. पुन्हा मोजल्या. तेहतीसच.

अण्णा खाली बसले. वहीत बारा ओळी, डबी म्हणते सतरा. तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसानं काय करावं? पाच सुया कुठून तरी आणून डबीत टाकल्या असत्या, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

"पुतळे, ह्या डबीला कोण हात लावतंय?"

चुलीजवळून उत्तर आलं, "मी."

"तू? कधी?"

"तुमी बार्शीला माल आणायला गेलाव की. गेल्या पावसाळ्यापासून. पाच येळा लावली."

"आगं, मग सांगायचं तरी! माझ्यासंगं ऐकायची."

पुतळाबाई हात पुसत बाहेर आली. "तुमच्यासंगं ऐकायचं म्हंजी काय? 'बघ, हितं श्वास घेतला. बघ, हितं पियानो आला. गप, आता हसंल.' तिचं हसू ऐकू येतंय व्हय तुमच्या बडबडीत? मला नुसतं ऐकायचं व्हतं. ती शेवटाला हसली की दिसभर बरं वाटतंय."

अण्णांनी वही जवळ ओढली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "सुई मात्र दर येळंला बदलली. कोरीच लावली. तुमचं बघून शिकले."

मला तोंड असतं तर मी तेव्हा साक्ष दिली असती. पाचही वेळा तिनं पदरानं माझी धूळ पुसली, आणि हँडल अण्णांपेक्षा हलक्या हातानं फिरवलं. तिसऱ्या खेपेला मात्र सुई तिच्या हातून घसरली आणि माझ्या कडेला एक चरा पडला. बारीक आहे, पण आहे. अण्णांनी भिंग लावलं, तेव्हा त्यांनाही तो दिसला.

दुपारी योगीराज आले. चहा झाला. अण्णांनी वही पुढं केली आणि त्यांच्यासमोरच बाराव्या ओळीखाली लिहायला घेतलं. 'पुतळाबाई, पाच वेळा, सुई नवी. कडेला एक चरा.'

"यादीत सतरा छापा," अण्णा म्हणाले. "आन चरा बी छापा. आता सौदा जमत नसंल तर माझी ना न्हाई."

योगीराजांनी मला उन्हात तिरकं धरून चरा बघितला. त्यांचा चेहरा जरा उतरला, खोटं कशाला सांगू. पण मनाचे मोठे. म्हणाले, "सतरा तर सतरा, अण्णा. दोन्ही रेकॉर्डी तुमच्या. हिला मी काचेच्या कपाटात ठेवीन."

पुतळाबाई दारातून म्हणाली, "आन वाजिवणार कवा?"

"छे, काकू! ही वाजवायची नाही. आज एकदा हिचा आवाज मशीनवर उतरवून घेतो, मग कायमची बंद. झिजते ना."

"मग न्हेऊन काय उपेग? मुकी ठिवायला?"

त्या दोन रेकॉर्डी टेबलावर होत्या. अण्णांनी त्यांच्यासाठी तीस वर्षं वाट पाहिली होती. त्यांनी एकीच्या कव्हरावरून अंगठा फिरवला. मग दोन्ही उचलून योगीराजांच्या पिशवीत परत ठेवल्या.

"मशीनवर खुशाल उतरवा. जगाला ऐकू द्या. पर ही हितंच राहील. मला वाटलं होतं ढोकीत डेल्फीनबाईचा ऐकणारा मी एकटाच हाय. दुसरा घरातच निघाला, त्याला काय सांगू?"

योगीराज हसले. यंत्रावर उतरवायला मला एकदा फिरवलं, त्याचीही ओळ वहीत पडली. अठरावी खेप. सही योगीराजांची. छापील यादीत आज लिहिलेलं आहे, 'बारावी, ढोकी, अठरा वेळा वाजलेली, एक चरा.' जमवणारे म्हणतात, एवढी खरी ओळ त्या यादीत दुसरी नाही.

आता माझा नेम बदललाय. अण्णा बार्शीला निघाले की दारातून सांगतात, "लाव गं तुझ्या बाईला," आणि मुद्दाम उशिरा परततात. पुतळाबाई ऐकते, मग वहीत एक रेघ ओढते. तिला लिहिता येत नाही, रेघ ओढता येते. गेल्या वेळी सव्विसाव्या खेपेची रेघ पडली. माझ्या हसण्याची धार थोडी कमी झालीय, ते मलाही कळतं. पण रांजणावरचं झाकण होऊन मी वर्षानुवर्षं न झिजता काढली आहेत. पुन्हा तसं जगायची हौस नाही.

आता सांगा उत्तर. माझं लेबल चुकीचं होतं. अण्णांसारख्या खात्रीच्या माणसाची वही त्यांच्या नकळत चुकली. खरं निघालं ते कानाचं, आणि सुयांच्या एका डबीचं. तुमच्या घरीही एखादी आवडीची वस्तू असेल, वापरानं झिजणारी. तिला खुशाल वापरा. चोरून वापरली तरी चालेल. फक्त त्या वेळची रेघ वहीत ओढायला विसरू नका. कमी नको, जास्त नको. जितक्या वेळा, तितक्याच.