पाण्याकडचा वारा

माघ अर्धा सरला होता. नाथाजींच्या रानातला ऊस कारखान्याला जाऊन चार दिवस झाले होते आणि मागं उरलेलं गुडघाभर पाचट कडकडीत वाळलं होतं. ते आज पेटवायचं होतं. त्यांची सून शिवांजली सकाळपासून वाऱ्यावर डोळा ठेवून होती.

रानाच्या उगवतीला, उताराखाली, शेजाऱ्याची पट्टी सोडली की धरणाचं पाणी होतं. मावळतीला, चढाच्या अंगाला, पाट वाहायचा आणि पाटाला लागूनच पलीकडं पालापाचोळ्यानं शाकारलेला गोठा आणि मागं घर होतं. गोठ्यात म्हैस बांधलेली, व्यायला टेकलेली. शिवांजलीचा नवरा साईराज फौजेत; त्यानं कारगिलकडून धाडलेल्या पत्रात बायकोच्या आधी म्हशीचीच चौकशी केली होती.

नाथाजी म्हणजे पाचट पेटवण्यात पंचक्रोशीत एक. सकाळचा वारा डोंगरावरून उतरतो, खाली जातो. म्हणून ते खालच्या बांधाला काडी लावायचे. आग वाऱ्याच्या तोंडावर हळूहळू वर सरकायची, दमानं, धुसफुसत. "आगीला मागल्या पायानं चालवायची," असं ते म्हणायचे. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून शेजाऱ्याचं एक पान करपलं नव्हतं.

पण त्या चाळीस वर्षांत खाली पाणी नव्हतं. धरण भरून दोनच वर्षं झाली होती, आणि त्यानंतर या रानातलं पाचट आज पहिल्यांदाच जळणार होतं.

शिवांजलीचं माहेर दुष्काळी वडूजकडचं, एका तळ्याच्या काठची वाडी. लहानपणी बाप तिला अनवाणी उन्हात उभं करायचा, मग पाण्यात. भुई चटका द्यायची, पाणी गारच असायचं. भुई उतावळी, पोरी, तो सांगायचा, लगेच तापते, लगेच निवते. पाणी सोशिक. उशिरा तापतं आणि ऊब मनात धरून बसतं. तापल्या भुईवरची हवा वर निघून जाते, मग पाण्यावरची गार हवा तिच्या जागेला धावत येते. दिवस बुडाला की सगळं उलटं.

इथंही ती हे रोज बघत होती. सकाळी दोरीवरचं लुगडं पाण्याकडं फडफडायचं. ऊन चढलं की थोडा वेळ गप्प लोंबायचं, आणि मग घराकडं तोंड फिरवायचं.

"मामंजी, पेटवायचं तर आत्ताच पेटवा," ती न्याहारीलाच बोलली होती. "न्हाईतर दिवस बुडाल्यावर. मदल्या वक्ताला वारा पाण्याकडनं फिरतोय."

नाथाजींनी भाकरीचा तुकडा मोडला, वर बघितलं नाही.

"वडूजच्या पोरी आमास्नी पानी शिकवाय लागल्या," सासू शालूबाई चुलीपुढून म्हणाली. "तिकडं टँकर येतोय म्हनत्यात."

"टँकर येतोय, आत्ती. पर तळं बी हाय."

विषय तिथंच संपला.

त्यात रीत आडवी आली. बांधाला बांध लागलेला शेजारी हजर असल्याशिवाय काडी लावायची नाही, आणि शेजारी आप्पासो साडेदहा वाजले तरी उगवेना. आला तेव्हा बसून चहा मागितला, बशीत ओतला, फुंकर घालत बसला.

"घाई काय हाय रं नाथाजी? आग काय सासरी जायाचीय व्हय?"

शिवांजली दारातून दोरीकडं बघत होती. लुगडं लोंबत होतं. हलत नव्हतं.

"आवं मामंजी, वारा पडलाय," ती म्हणाली. "आता नगं."

"पडलाय म्हंजी ब्येसच की," नाथाजी उठले. "निवांत जळंल."

परक्या माणसासमोर सासऱ्याला दुसऱ्यांदा अडवायचं कसं?  पण हात थांबेनात. तिनं चार पोती पाटात बुडवली, पाटाचं दार उघडून पाणी काठोकाठ केलं, आणि म्हशीचं दावं सैल केलं. "ही काय येड्यागत करतीया?" शालूबाई पुटपुटली, पण पाचवं पोतं तिनंच आणून दिलं.

खालच्या बांधाला धूर उठला. आधी सरळ वर गेला, देवळापुढच्या दीपमाळेसारखा.  मग धुराचा शेंडा वाकला. घराकडं.

तिच्या गालाला गार झुळूक लागली, ओल्या मातीचा वास घेऊन आलेली. एरवी किती सुखाची झुळूक ती.

मागल्या पायानं चालणारी आग वळली आणि पुढल्या पायानं धावू लागली. पाचट तडतडत होतं, ठिणग्या माणसाच्या डोक्यावरून येत होत्या. नाथाजी आणि आप्पासो खालच्या टोकाला, आगीच्या पलीकडं अडकलेले. त्यांच्या हाका ऐकू येत होत्या, शब्द नाही. म्हशीनं हंबरडा फोडला.

शिवांजली चुलीकडं धावली आणि जळतं कोलीत घेऊन बाहेर आली.

"अगं ए, कुठं निगालीस?" शालूबाईनं तिचा दंड धरला.

"आत्ती, सोडा. ती आग हितं यायच्या आत हितलं पाचट जाळून टाकाय पायजे. तुमी पोती घ्या, पाटाच्या ह्या अंगाला उबं ऱ्हावा. ठिनगी पडली की दाबा."

शालूबाईनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि हात सोडला.

पाटाच्या कडेकडेनं, गोठ्यापासून वीस पावलांवर, तिनं स्वतःच्या हातानं रान पेटवलं. तिची आग वाऱ्याच्या तोंडावर होती. खुरडत, अडखळत खाली सरकू लागली. किती हळू! दहा हात काळे झाले, पंधरा हात. दोघी सासवासुना ओली पोती आपटत होत्या. छपराच्या कोपऱ्याला ठिणगी धरली, शालूबाईनं पोतं फेकून ती विझवली. समोरून मोठी आग आली, दोन्ही जाळ एकमेकांना भिडले, माडाएवढे उंच झाले, आणि खायला काही उरलं नाही तसे जागच्या जागी बसले.

बांधावरून वळसा घालून दोघं आले तेव्हा नाथाजींच्या भुवया करपल्या होत्या. आप्पासोनं काळ्या पट्ट्याकडं बोट केलं. "वरनं कुनी पेटवलं रं हे? गोठा घालवाय बसलं हुतं का?"

"माज्या सुनंनं पेटवलंय," नाथाजी म्हणाले. "म्हनून गोठा हाय."

ते पाटाच्या कडेला बसले. बराच वेळ पाण्याकडं बघत राहिले, जणू नवीन बिऱ्हाड शेजारी राहायला आलंय आणि त्याची ओळख करून घ्यायची राहून गेलीय.

"पोरी, परत कवा फिरंल ह्यो वारा?"

"दिस बुडाल्यावर, भुई गार झाली की. मग निखारं खाली तुमच्या बांधाकडं उडत्याल, आप्पासोमामा. तवर हितंच थांबाय लागंल."

 डोक्याचा पटका सोडून आप्पासोनं पाटात भिजवला आणि खालच्या बांधाकडं चालू लागला. शिवांजली गोठ्यात गेली. म्हशीच्या पोटावर तळवा टेकून आतलं रेडकू हलायची वाट बघत ती उभी राहिली. हलेपर्यंत तिनं हात काढला नाही.