अकरावा शिंपला

समुद्रातून शिंपले काढणाऱ्या बायकांच्या खोपटात शेकोटीभोवती सहा जणी बसायच्या, आणि कोणी कुठे बसायचं हे ठरलेलं होतं. दाराकडून वारा यायचा ती जागा फुसाएची. तीन वर्षांपूर्वी डोंगरातल्या चहाच्या मळ्यांतून लग्न होऊन ती या किनाऱ्यावर आली, तेव्हा तिला पोहताही येत नव्हतं. बुडी मारायला ती शिकली सासू वारल्यावर. सासूची जागा आत, भिंतीपाशी होती. ती फुसाएला मिळाली नाही, पण खोपटात बसू दिलं हेच खूप होतं. नवरा मोठ्या मासेमारी बोटीवर गेलेला, तो शरद ऋतूशिवाय परतणार नव्हता. बाकी जीव लावायला या पाच जणीच.

त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आलेलं होतं. बुड्यांची दुसरी फेरी संपवून आलेल्या जणी ओल्या पांढऱ्या कपड्यांनिशी आगीला पाठ करून बसल्या होत्या.

"किती गं आज, डोंगरीण?" तात्सुनोने विचारलं. तात्सुनोचा हात पाण्यात सफाईने चालायचा आणि जीभ जमिनीवर.

"अकरा."

"अकरा? मग उद्यापासून आम्ही घरी बसून चहा खुडतो. तूच जा समुद्रात."

सगळ्या हसल्या. फुसाएही हसली, आणि शेजारच्या मिसाओच्या कानाशी वाकून म्हणाली, "तो मोठा शिंपला तू दिलास म्हणून अकरा झाले."

मिसाओ असं करायची. फुसाएची जाळी रिकामी दिसली की पाण्यातच एखादा शिंपला हातात कोंबायची आणि वर आल्यावर चकार शब्द काढायची नाही. पण आज तिने भुवया उंचावल्या.

"मी कुठली गं? पहिल्या फेरीतच पायात गोळा आला माझ्या. तेव्हापासून इथंच शेकत बसलेय. विचार नुई आजींना, त्यांची रताळी मीच संपवली."

"तीन खाल्लीन," नुई आजी आगीत लाकूड सारत म्हणाल्या. "गोळा पायात होता, पोटात नव्हे."

पुन्हा हसणं झालं. आगीची ऊब पाठीला लागत होती, तरी फुसाएच्या पोटऱ्यांवर काटा आला.

कासवाची पाठ नावाच्या खडकाशी ती उतरली होती. पाच पुरुष पाणी. तळाशी जेमतेम वीस सेकंद मिळतात. तेवढ्यात आवाबी, म्हणजे खडकाला घट्ट चिकटून राहणारा तो मोठा शिंपला, शोधायचा, त्याला कळायच्या आत लोखंडी पट्टी खाली सारून उचकटायचा, आणि वर यायचं. ढगाळ दिवशी खाली सगळं हिरवट राखाडी दिसतं. कपारीच्या तोंडाशी तिला पांढरे कपडे दिसले होते. पांढरं फडकं डोक्याला बांधलेली, काचेचा चष्मा लावलेली एक बाई तळहाताएवढा शिंपला पुढे करून थांबली होती. मिसाओच असणार, दुसरं कोण? फुसाएने दोन्ही हातांनी तो घेतला. सवयीने पाण्यातही तिची मान लवली. मग ती वर आली आणि तोंडाचा चंबू करून तिने श्वास सोडला. त्या श्वासाची लांब शीळ होते. बुडी मारणारी प्रत्येक बाई वर आल्यावर अशी शीळ घालते.

आता तिला तो हात आठवला. शिंपला धरलेल्या हाताची करंगळी आत वळलेली होती आणि तिच्यावर पांढरा वण होता.

तिने आपली डावी करंगळी पाहिली. नवव्या वर्षी चहाची झुडपं छाटताना कोयता लागला होता, तेव्हापासून ती वाकडी. आपलीच सावली कशावर तरी पडली असेल, पाण्यात असं काही दिसतं, असं तिने स्वतःला समजावून पाहिलं. पण आरशात आपला डावा हात समोरच्या प्रतिमेचा उजवा होतो. तो हात त्या बाईचाही डावाच होता.

पाण्यात दिसणाऱ्या त्या बाईला किनाऱ्यावर सोबतीण म्हणत. ढगाळ दिवशी ती येते, तुमच्यासारखीच दिसते, काहीतरी देते आणि आणखी आत बोलावते. नियम एकच होता. दिसली तर वर आल्याबरोबर बोलायचं. बोललं की तीन दिवस खोपटातली एकही बाई पाण्यात उतरणार नाही.

आवाबी काढायला त्या मोसमात आणखी नऊच दिवस परवानगी होती.

तेवढंच असतं तर फुसाए बोलली असती. पण तिला शिगे आठवली. शिगेही बाहेरून लग्न होऊन आलेली. दोन वर्षांपूर्वी तिला सोबतीण दिसली, ती बोलली, तीन दिवस पाळले गेले. तिला कोणी वावगा शब्द बोललं नाही. फक्त चौथ्या दिवशी शेकोटीपाशी सगळ्या जरा सैलावून बसल्या आणि शिगेला मावेल एवढी जागा उरली नाही. एकटी बाई समुद्रात उतरत नाही. शिगे आता शहरात कारखान्यात डब्यांत मासे भरते.

फुसाए त्या दिवशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी आभाळ तसंच होतं. व्यापारी येईपर्यंत प्रत्येकीचे शिंपले उथळ पाण्यात बांबूच्या पिंजऱ्यात जिवंत ठेवलेले असत. बाकीच्या जणी यायच्या आधी फुसाएने आपला पिंजरा वर ओढला आणि एकेक शिंपला उलटा करून पाहिला. पट्टीने उचकटताना कडेला ओरखडा उठतोच. हाताने आवाबी निघत नाही. एकदा चिकटला की तगडा गडीही हरतो. दहा शिंपल्यांना ओरखडा होता. अकराव्याची कड साफ होती. त्याला कोणी खडकावरून काढलेलंच नव्हतं.

तो हातात घेऊन ती उभी होती, तोच मागून मिसाओचा आवाज आला.

"उठल्या उठल्या संपत्ती मोजतेयस होय?" मिसाओने आपला लाकडी टब पाण्यात लोटला. "आज कासवाच्या पाठीवर मी. तुला तिथं अकरा मिळतात, तर मला सात तरी मिळतील."

"पाय?"

"पाय ठीक आहे. रताळ्यांनी बरा झाला."

मिसाओ गुडघाभर पाण्यात गेली. तिने फडक्याची गाठ आवळली. फडक्यावर निळ्या दोऱ्याने चांदणी शिवलेली होती, एका रेघेत काढलेली, जिथून सुरू होते तिथेच परत येणारी. मग तिने टबाची दोरी कमरेला बांधायला घेतली. तात्सुनो आणि बाकीच्या दोघी वाळूवरून येत होत्या. गाठ मारून झाली की मिसाओ जाणार. फुसाए शिंपला हातात धरूनच तिच्यामागे पाण्यात शिरली.

"मिसाओ, थांब. मी पाहिलीय तिला."

"कुणाला?"

"सोबतिणीला. काल. कासवाच्या पाठीपाशी."

मिसाओचे हात दोरीवर तसेच राहिले. तात्सुनोने टब खाली ठेवला.

"काल पाहिलीस, आणि आज सांगतेस?"

"हो."

"काल तोंडात काय धरलं होतंस?"

"जागा जाईल म्हणून भ्याले," फुसाए म्हणाली. तिने शिंपला पुढे केला. "हा तिनं दिला. बघा, ओरखडा नाही."

तात्सुनोने हात मागे घेतला. मिसाओने नुई आजींना हाक मारली. आजी बुडी मारत नसत आता. वय एकाहत्तर, सहा वर्षांपूर्वी त्यांनी बुडीचे पांढरे कपडे पेटीत ठेवले होते आणि खोपटाची आग तेवढी सांभाळत होत्या. त्या आल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"समोरून घेतलास?"

"हो, दोन्ही हातांनी."

"तिच्याकडे पाठ फिरवून घ्यायचं असतं. तोंड दाखवायचं नाही. तुला हेही कुणी नाही का शिकवलं?" असं म्हणून आजी वळल्या, फुसाएकडे पाठ केली आणि हात मागे पसरला. फुसाएने त्यावर शिंपला ठेवला. आजी तशाच उलट्या पावलांनी कमरेएवढ्या पाण्यात गेल्या आणि मागच्या मागे त्यांनी तो सोडून दिला.

"तीन दिवस," त्या परत येऊन म्हणाल्या.

पहिल्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. फुसाए खोपटाच्या दाराशी गेली, तर आत सगळ्या ऐसपैस बसलेल्या होत्या. तिने आत पाऊल टाकलंच नाही. बाहेर वळचणीला बसून ती जाळी दुरुस्त करू लागली. थोड्या वेळाने मिसाओ बाहेर आली आणि शेजारी टेकली.

"आत धूर फार झालाय," ती म्हणाली.

"तू चिडली नाहीस?"

"चिडलेय. काल सांगितलं असतंस तर सकाळी एवढ्या थंडीत कपडे तरी बदलले नसते." तिने सुईत दोरा ओवला. "हात चालव."

तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. पाणी काचेसारखं झालं. भूशिराच्या पलीकडे शेजारच्या गावच्या बायका उतरल्या होत्या. त्यांच्या शिळा वाऱ्यावर ऐकू येत होत्या, एकामागून एक, दिवसभर.

"ऐका," तात्सुनो सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आपले शिंपले चाललेत त्यांच्या जाळीत. सोबतीण त्यांना हात लावत नाही वाटतं. तिचंही माहेर डोंगरात असेल."

फुसाए उठून वाळूवर शेवाळ वाळवत असलेल्या नुई आजींकडे गेली आणि पेंढ्या उलटू लागली. आजींनी विचारलं.

"तुला कोण दिसलं? चेहरा कुणाचा?"

"चेहरा नीट नाही दिसला. हात माझा होता."

"माझ्या वेळी चेहराही माझाच होता," आजी म्हणाल्या. त्यांचे हात शेवाळावर चालूच होते. "एकोणीस वर्षांची होते. कासवाच्या पाठीवरच. मोसमाचे शेवटचे दोन दिवस राहिले होते. म्हटलं, दोनच तर दिवस. कोण बोलणार?"

फुसाए थांबली.

"दुसऱ्या दिवशी कोगिकू उतरली तिथं. माझी थोरली बहीण, दोन वर्षांनी मोठी. तिचा टब तरंगत राहिला. दोरी ओढली तर हलकी लागली." त्यांनी एक पेंढी झटकली. "मिळालीच नाही. सगळ्या म्हणाल्या, प्रवाहाचं काम. मीही म्हणाले."

"कुणाला सांगितलंत कधी?"

"आत्ता सांगतेय ना."

चौथ्या दिवशी सकाळी ऊन होतं, वारा नव्हता. पाच जणी टब घेऊन किनाऱ्यावर आल्या, आणि पाहतात तर नुई आजी पांढरे कपडे घालून उभ्या. कपड्यांना पेटीतल्या घड्या तशाच होत्या.

"हे काय आता?" तात्सुनो म्हणाली.

"कासवाच्या पाठीवर आधी मी जाऊन येते. मग तुम्ही."

"आजी, छातीचा भाता झालाय तुमचा. चढावर धाप लागते तुम्हाला."

"चढ आहे का तिथं? खालीच जायचंय."

कुणाचं ऐकलं नाही त्यांनी. सगळ्या त्यांच्यामागून पोहत गेल्या आणि खडकाभोवती टब धरून थांबल्या. आजींनी तीनदा श्वास घेतला, चौथ्यांदा डोकं खाली घातलं. पाय एकदा सरळ वर दिसले आणि नाहीसे झाले. वयाचा मागमूसही त्या उडीत नव्हता.

फुसाए मनात मोजू लागली. वीस. तीस. काचेतून खाली पाहिलं तर ऊन तळापर्यंत पोचलेलं होतं, तरी कपारीचं तोंड काळंच होतं. चाळीस. पन्नास. मिसाओने तिचा दंड धरला. साठला तात्सुनोने फडकं आवळलं आणि खाली जायला श्वास घेतला.

एकाहत्तरला आजी वर आल्या.

शीळ आधी फुटलीच नाही. मग आली, बारीक, फाटलेली. त्यांनी टबाच्या काठावर दोन्ही हात टाकले आणि हनुवटी त्यांवर टेकवली. हात रिकामे होते.

"एकवीस वर्षांचीच आहे अजून," त्या म्हणाल्या. "कोगिकू. मला ओळखलं नाही तिनं. बाजूला सरली, मोठ्या माणसाला वाट द्यावी तशी."



"ऊन आहे, आजी," तात्सुनो हळू आवाजात म्हणाली. "उन्हात ती दिसत नाही म्हणतात."

"म्हणतात," आजी म्हणाल्या. "मी पाहिलंय, आणि वर आल्याबरोबर सांगितलंय. नियम तुम्हाला माहीत आहे."

मोसमाचे पाच दिवस उरले होते. पलीकडून शेजारच्या गावची पहिली शीळ आली. तात्सुनो खडकाकडे पाहत राहिली, मग तिने कमरेची गाठ सोडली, आजींच्या टबाची दोरी आपल्या हाताला गुंडाळली आणि किनाऱ्याच्या दिशेने ओढू लागली. एका हाताने ते ओझं जाईना.

"फुसाए, ती दुसरी बाजू धर," ती म्हणाली.