वर्षाला एक फेरी मारणारा तारा

संस्थेत कोणाचंही संशोधन पूर्ण होत आलं की विभागप्रमुख त्याची प्रस्तावना लिहून देत, आणि मग लेखकांच्या यादीत पहिलं नाव त्यांचं लागे. म्हणून पाठीमागे सगळे त्यांना 'प्रस्तावना' म्हणत. तोंडावर अर्थातच 'सर'. बारा वर्षांत त्यांनी एकशे चार प्रस्तावना लिहिल्या होत्या आणि त्यांतल्या निदान नव्वद 'अनादी काळापासून मानव आकाशाकडे पाहत आला आहे' अशा सुरू होत होत्या. स्वतः सरांनी आकाशाकडे शेवटचं कधी पाहिलं, ते मात्र कोणालाच आठवत नव्हतं.

त्यांच्या हाताखाली एक कंत्राटी संशोधिका होती. कंत्राट अकरा महिन्यांचं. बाराव्या महिन्यात तिने घरी बसायचं, म्हणजे बाई कायम नोकरीत आहे असा कायद्याचा गैरसमज होऊ नये. असे बारा 'बारावे महिने' तिने घरी काढले होते. काम एकच: एका जोडताऱ्यावर पहारा. हे दोन तारे एकमेकांना इतके खेटून फिरतात की संस्थेच्या दुर्बिणीतून तो एकच ठिपका दिसतो. पण सात तासांच्या फेरीत एकदा हा त्याच्या आड येतो, एकदा तो ह्याच्या, आणि दोन्ही वेळा ठिपका मंदावतो. तेजाचा आलेख काढला की त्यात दोन खड्डे दिसतात, एक खोल, एक उथळ. खोल खड्ड्याचा तळ नेमका कितव्या सेकंदाला आला ते काढायचं, ठरलेल्या वेळेशी ताडायचं आणि लवकर की उशिरा ते टिपून ठेवायचं. शेजारीण विचारी, "एवढं काय बघता हो रोज?" ती सांगे, "वेळेवर येतो का ते." शेजारणीला ते लगेच पटे. तिचीही तीच तक्रार होती, फक्त नवऱ्याबद्दल.

यंदा एक कायमची जागा निघाली होती. वयाची अट पंचेचाळीस. तिला चव्वेचाळीस पूर्ण होऊन आठ महिने झाले होते, आणि संस्थेत कायमची जागा आठ-दहा वर्षांतून एकदा निघे. म्हणजे ही गेली की गेली. मुलाखत गुरुवारी दुपारी होती, आणि त्याच गुरुवारी सकाळी सर तिच्या जोडताऱ्याला तिसरा साथीदार असल्याची घोषणा करणार होते.

त्याचं असं झालं. गेली दोन वर्षं खड्डे ठरल्या वेळेपासून ढळत होते. सहा मिनिटं लवकर, मग हळूहळू सहा मिनिटं उशिरा, पुन्हा लवकर, अगदी लयीत. तिने ते भीत भीत दाखवलं आणि सरांनी तिथल्या तिथे निदान केलं. एक तिसरा तारा ह्या जोडीला फिरवतो आहे. जोडी कधी आपल्या जवळ येते, कधी लांब जाते, म्हणून तिचा प्रकाश कधी लवकर पोचतो, कधी उशिरा.

"पण तो तिसरा दिसत का नाही, सर?"

"दिसत नाही, हेच तर त्याचं वैशिष्ट्य."

"आणि आधीच्या दहा वर्षांत खड्डे का ढळले नाहीत?"

"जुना कॅमेरा," सर म्हणाले. "भरवशाचा नव्हता." ज्या कॅमेऱ्याच्या जिवावर सरांनी तीन पुरस्कार घेतले होते तो असा एका वाक्यात बाद झाला. मग त्यांनी प्रस्तावना लिहायला घेतली.

रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलेख पसरून मुलाखतीची तयारी करत होती. शेजारी वडील मटार सोलत बसले होते. चाळीस वर्षं बसडेपोत वेळापत्रक सांभाळून ते निवृत्त झाले होते, आणि अजून घरात दूधवाला यायच्या आधी त्यांची नजर घड्याळावर जाई. त्यांनी मान वाकडी करून आलेख पाहिला.

"हे काय, उशिराच्या गाड्या?"

"ताऱ्यांचं आहे, बाबा. वर आहेत ते उशिरा, खाली ते लवकर."

वडिलांनी एका शेंगेने आलेखावरची दोन शिखरं दाखवली. "हा हिवाळा, आणि हा पुढचा हिवाळा. दोन्ही वेळा त्याच महिन्यात उशीर. ह्या तुझ्या तिसऱ्याची फेरी केवढ्याची?"

"तीनशे पासष्ट दिवसांची. एखाद-दुसरा इकडे तिकडे."

"म्हणजे वर्षाची. पण कुणाचं वर्ष?"

"कुणाचं म्हणजे?"

"अगं, त्या ताऱ्याला काय ठाऊक आपलं वर्ष केवढं असतं? वर्षाला बरोबर एक फेरी मारणारं माझ्या ओळखीचं एकच आहे, आणि त्याच्यावर बसून आपण मटार सोलतोय."

तिने आलेख जवळ ओढला. वडिलांना वाटलं, तिला कळलं नाही, म्हणून त्यांनी आणखी सोपं करून सांगितलं. "आमच्याकडे एकदा वीज गेली आणि डेपोतली घड्याळं तासभर मागे पडली, ती पुढे करायची होती. सकाळच्या कारकुनाने केली. दुपारच्याला वाटलं, सकाळचा विसरला असणार. त्यानेही केली. दोघंही कामसू. सगळ्या गाड्या वेळेवर सुटल्या बघ, फक्त त्यांत प्रवासी नव्हते."

पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ह्या जोडीच्या कधी जवळ असते, कधी लांब, त्यामुळे प्रकाशाला पोचायला काही मिनिटं कमी-जास्त लागतात. म्हणून टिपलेली प्रत्येक वेळ, जणू आपलं घड्याळ सूर्यावरच ठेवलं आहे, अशी दुरुस्त करून घ्यावी लागते. ह्या धंद्यातली ही बाराखडी होती, आणि ती ही दुरुस्ती बारा वर्षं न चुकता करत आली होती. प्रश्न एवढाच होता की आणखी कोण करत होतं.

सोमवारी सकाळी ती थेट घुमटात गेली. तिथे दुर्बीण चालवणारे घुमटकाका कॅमेऱ्यावरची धूळ पुसत होते.

"काका, तुम्ही मला वेळा पाठवता, त्या घड्याळात दिसतात तशाच ना?"

"छे छे, ताई. दोन वर्षांपूर्वी हा नवा कॅमेरा आला ना, त्याच्यात सूर्याच्या वेळेची सोय आहे. मी दुरुस्त करूनच पाठवतो. म्हटलं, तेवढंच तुमचं काम हलकं."

"मला कधी बोलला नाहीत."

"त्यात बोलायचं काय? चांगलं केलेलं माणसाने सांगत फिरू नये."

हसावं की रडावं ते तिला कळेना. खोलीत येऊन तिने स्वतःची दुरुस्ती काढून टाकली आणि दोन वर्षांच्या वेळा पुन्हा मांडल्या. चहा निवायच्या आत तिसरा तारा नाहीसा झाला. आलेखावर सरळ रेघ उरली. ते दोन तारे बिचारे बारा वर्षं सेकंदाच्या काट्यावर येत होते आणि आपण त्यांच्या माथी उशिराचा ठपका मारला, ह्याची तिला मनापासून लाज वाटली. पण ती रेघ इतकी सुरेख होती की थोडा आनंदही झाला. बारा वर्षांत एवढी स्वच्छ रेघ तिने पाहिली नव्हती.

रेघ घेऊन ती सरांकडे गेली. सर घोषणेच्या फलकासाठी रंग निवडत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"माझ्या वडिलांना."

"ते खगोलशास्त्रज्ञ आहेत?"

"बसडेपोत होते."

"मग काळजी नाही," सर म्हणाले. "चूक कोणाची?"

"अर्धी काकांची, अर्धी माझी."

"हे बघा, मुलाखतीत अर्धी चूक कबूल केली म्हणून कोणी अर्धी नोकरी देत नाही. आणि घाई कसली आहे? आधी शोध, मग शुद्धिपत्र, विज्ञान असंच पुढे जातं. शुद्धिपत्र हेही प्रकाशनच. म्हणजे आपली दोन प्रकाशनं होतात."

"मग शुद्धिपत्र कधी काढायचं?"

"योग्य वेळी. तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची." एवढं बोलून त्यांनी जांभळा रंग नक्की केला.

घरी येऊन तिने वडिलांना सांगितलं की मी मुलाखतीत खरं काय ते सांगून टाकणार. वडील म्हणाले, "सांग की," आणि त्या दिवशी ते नेहमीपेक्षा खुशीत होते. तिने सरळ रेघेचा कागद फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवला.

गुरुवारी घोषणा दणक्यात झाली. कुठल्याशा खात्याचे एक बडे साहेब आले होते. ते तिसऱ्या ताऱ्याबद्दल इतक्या आपुलकीने बोलले की तो त्यांनीच मंजूर केला असावा असं वाटलं. दुपारी मुलाखत. समितीत संचालक, सर आणि बाहेरून आलेले एक वयस्कर तज्ज्ञ. त्यांचा जन्म असल्याच जोडताऱ्यांवर गेला होता. संचालकांनी तिला तब्येतीची चौकशी केल्यासारखे दोन प्रश्न विचारले आणि सूत्रं तज्ज्ञांकडे दिली.

"तिसऱ्याची फेरी किती दिवसांची?"

"तीनशे पासष्ट."

तज्ज्ञांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांना कळलं होतं. तिला कळलं आहे हेही त्यांना कळलं होतं. "ह्या आकड्यात तुम्हाला काही वेगळं वाटलं का?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

फाईल तिच्या मांडीवर होती. नुसतं उघडायचं होतं. तिने सरांकडे पाहिलं. सर छताकडे पाहत होते. तिला ते बारा 'बारावे महिने' आठवले. दर वर्षी गेटवर परत द्यायचं ओळखपत्र आठवलं. वडिलांच्या पेन्शनवर निघालेला किराणा आठवला. खरं सांगायचं तर तेव्हा तिला सत्याबित्याचं काहीच वाटलं नाही. तिची नुसती पाचावर धारण बसली होती.

"योगायोग असावा," ती म्हणाली.

"असतात असे योगायोग," तज्ज्ञ म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहिलं. पुढे तिला समजलं की त्यांनी 'उत्तम' असं लिहिलं होतं, आणि त्यांच्या संस्थेचं अनुदान ठरवणाऱ्या समितीवर सर होते. अळीमिळी गुपचिळी.

नेमणुकीचं पत्र आठवड्यात आलं. जागा कायम, पद 'तृतीय तारा कक्ष प्रमुख', आणि काम: तिसऱ्याच्या हालचालींवर निवृत्तीपर्यंत लक्ष ठेवणं. वडिलांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं. 'कायम' ह्या शब्दाशी जरा थांबले.

"म्हणजे तो आता राहणार?"

"कोण, बाबा?"

"तो तिसरा."

"राहील. अजून पंधरा वर्षं तरी."

वडिलांनी पत्राची नीट घडी घातली आणि तिच्या हातात दिली. त्यानंतर त्यांनी तिच्या आलेखांबद्दल कधी काही विचारलं नाही. ते तिला फार लागलं, पण बोलायला तोंड नव्हतं.

नव्या कक्षात पहिल्या दिवशी घुमटकाका आले. हातात मागच्या आठवड्याच्या वेळांची चिठ्ठी होती आणि चेहरा पडलेला.

"ताई, तुम्ही त्या दिवशी विचारलंत तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. माझ्यामुळे घोळ झाला. आजपासून वेळा जशाच्या तशा देत जाईन. दुरुस्ती एकट्या तुम्ही करा."

तिने चिठ्ठीकडे पाहिलं, मग दारावरच्या पाटीकडे. पाटीचा रंग अजून ओला होता. दुरुस्ती एकदाच झाली तर महिन्याभरात तारा जाणार, आणि ताऱ्यामागोमाग कक्ष.

"नको, काका. तुम्ही करत होतात तसंच करत जा."

"मग तुम्ही सोडणार का?"

"नाही," ती म्हणाली. "मीही करणार."

काकांनी दारावरची पाटी वाचली. बारा वर्षं ते तिला ताई म्हणत आले होते. "बरं, मॅडम," ते म्हणाले, आणि चिठ्ठी टेबलावर ठेवून निघून गेले.